मामाचं ठिगळ

माझी आई फायबरच्या बोटी दुरुस्त करते आणि तिच्या रागाची धास्ती सगळ्या धक्क्याला आहे. पण तिच्या रागाला कारण असतं. तिच्या धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या मामाला, फक्त घाई असते.

त्याच्या बोटीला तळाशी हातभर चीर गेली होती. "उद्या सकाळी पोरींना घेऊन बेटावर जायचंय," तो म्हणाला. "लाव पॉलिएस्टर रेझिन. तासाभरात कडक होतं."

"इथे इपॉक्सीच लागेल. घासायचं, वाळवायचं, थर द्यायचे. तीन दिवस धर."

"अगं ताई, बोट मुळात पॉलिएस्टरचीच ना? मग तिला तेच धरणार."

हे अर्धवट ज्ञान धक्क्यावर प्रत्येकाच्या खिशात असतं. पॉलिएस्टर आणि इपॉक्सी, दोन्ही काचेच्या धाग्यांच्या कापडात जिरवायची चिकट रेझिनं, पण त्यांची पकड सारखी नाही. नवी बोट बनवताना ओल्या थरावर ओला थर बसतो, म्हणून सगळं एकजीव होतं. वर्षानुवर्षं वाळलेल्या फायबरवर पॉलिएस्टर नुसतं बसून राहतं. इपॉक्सी घट्ट धरते. आईने हे त्याला दहा वेळा सांगितलं. त्याने या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

आम्ही जेवायला घरी गेलो तेवढ्यात या पठ्ठ्याने आईच्याच शेडमध्ये, आईच्याच डब्यातलं पॉलिएस्टर कालवून ठिगळ मारलं. घासायचे कष्ट घेतले नाहीत, वर रंग मात्र फासला. परत आलो तर आपल्या धाकट्या मुलीला कौतुकाने दाखवत होता, "बघ, शोधून सापडणार नाही."

आईने ठिगळाच्या कडेला पटाशी लावली आणि हातोडीचा एकच घाव घातला. ठिगळ सबंधच्या सबंध तिच्या हातात आलं.

मामा खवळला. "मुद्दाम तोडलंस. तुझंच खरं करायला."

"मागची बाजू बघ. तुझ्या बोटीचा एक धागा तरी आलाय का याच्याबरोबर?"

त्याने बघितलं नाही. मुलीने बघितलं. ठिगळाच्या ताटासारख्या गुळगुळीत पाठीवरून तिने हात फिरवला.

"बाबा, उद्या मी याच्या भरवशावर बसणार होते ना?"

मामाचा चेहरा उतरला. त्याने घासायचा ग्राइंडर उचलला.

"आधी मास्क लाव," आई म्हणाली.

चौथ्या दिवशी बोट पाण्यात गेली. आईने त्याला केव्हाच माफ केलं, भाऊ आहे तिचा. मी केलेलं नाही. ते ठिगळ मी शेडच्या दारावर ठोकलंय, गुळगुळीत बाजू बाहेर करून. मामा आला की दाराकडे पाठ करून बसतो.