डाव्या बाजूची जाऊ

माझा डावा कान मेलेला आहे. त्या बाजूने बोलायला येणाऱ्याला मी आधीच सांगते, इकडून ये. काहीजण मुद्दाम त्याच कानाशी येऊन ओरडतात. ओरडून उपयोग नाही. त्या कानाची मेंदूकडे जाणारी शीर डॉक्टरांनी गाठीबरोबर काढून टाकली आहे.

एका दिवसात गेला असता तर माझ्या लक्षात आलं असतं. तो हळूहळू गेला. आधी आत घूं असा आवाज यायचा, लांब खाडीत होडीचं मशीन चालू असावं तसा. मी बाहेर जाऊन बघितलंही, कोण चाललंय म्हणून. होडी नव्हती. मग लसूण घालून कढवलेलं खोबरेल ओतलं. दवाखान्यात मळ काढून घेतला. सगळे म्हणाले, वय झालं. वय झालं तर दोन्ही कानांचं होईल, एकाचंच कसं होईल, हे मला सुचलं नाही आणि सांगणाऱ्यांनाही सुचलं नाही.

आमचं घर आचऱ्याच्या बाजूला. नवरा गेला, दीर गेला, मुलं मुंबईला. घराचे दोन भाग, मध्ये भिंत, पुढचं अंगण, म्हणजे खळं, मात्र एकच. एका भागात मी, दुसऱ्यात जाऊ. मी पडवीत बसले की तिचं दार माझ्या डाव्या हाताला येतं. पडलं-झडलं तर साद घालायला मला ती आणि तिला मी. तिसरं माणूस हाकेच्या अंतरात नाही.

नात्याने ती धाकटी, पण वयाने माझ्याएवढीच, म्हणून अगो-तुगो चालतं. सकाळी तिच्या दारातून ती विचारायची, "काय गो, चाय झाली?" ते मला ऐकू येईनासं झालं. ती विचारायची आणि मी समोर बघत बसायची. तिने काय समजायचं? तिने समजलं की मी अबोला धरलाय.

आमच्या भावकीत अबोला ही काही नवलाची गोष्ट नाही. एका फणसावरून धरलेला अबोला बाप मेल्यावर मुलांनी पुढे चालवलेला मी पाहिला आहे. आणि अबोला धरलेल्याला का धरलास म्हणून विचारायचं नसतं. जो विचारील तो हरला. त्यामुळे तिने विचारलं नाही. माशांचं सार केलं की वाटी पाठवायची, ती पाठवणं बंद केलं. वाटी येत नाही हे बघून मला वाटलं, हिला कसली मस्ती आली? मग मीही तोंड फिरवलं. ती तिचं अर्धं खळं सारवायची, मी माझं. मध्ये हातभर पट्टा कोरडाच राहायचा. असं वर्षभर तरी चाललं असेल.

मग एके दिवशी नारळ पाडायचे होते. माड दोघींचे सामायिक, म्हणून दोघी बाहेर होतो, एकमेकींकडे पाठ करून. पाडेली माडावर चढला. तो नारळ सोडायच्या आधी वरून ओरडतो आणि खालची माणसं बाजूला होतात, अशी रीत. तो ओरडला. ओरडलेलं मला ऐकू आलं, पण कुठून आलं ते कळेना. एका कानाने दिशा समजत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला वाटलं आवाज उजवीकडून आला, म्हणून मी डावीकडे सरले. थेट त्याच माडाखाली.

जावेने धावत येऊन माझा दंड धरून ओढलं. नारळ माझ्या चपलेवर पडला. चपलेत मी नव्हते.

"बहिरी झालंस काय गो? तो इतको आरडता, तू खाली जावन उभी ऱ्हवतंस!"

मी म्हटलं, "होय. डाव्या कानान कायच ऐकाक येणा नाय."

"कधीपासून?"

"माका काय म्हायत?"

"मगे मी साद घालीत होतंय ती?"

"तू खंय साद घालीत होतंस?"

"रोज घालीत होतंय मेले! तू बोलणंस नाय म्हणान मी बंद केलंय!"

"आधी वाटी तू बंद केलंस!"

माडावरून पाडेली म्हणाला, "गे बायांनो, भांडाक वरसभर आसा, आधी सरा थंयसून!"

दुसऱ्या दिवशी ती मला कुडाळला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. त्यांनी पहिलं विचारलं, "आजी, फोन कुठल्या कानाला लावता?" मी म्हटलं उजव्या. कधीपासून, ते सांगता येईना. चालताना तोल जातो का, म्हणाले. जात होता, पण मी तो गुडघ्यांवर ढकलला होता. त्यांनी काचेच्या खोलीत बसवून कान तपासले आणि डोक्याचा फोटो काढायला गोव्याला पाठवलं.

गोव्याच्या डॉक्टरांनी आम्हा दोघींना फोटो दाखवला. कान आणि मेंदू यांच्यामधल्या शिरेवर गाठ, काजूच्या बीएवढी. कॅन्सर नाही. लहान असती तर नुसतं लक्ष ठेवून राहिलो असतो, म्हणाले, पण आता ती मेंदूला टेकली आहे. काढताना त्या कानाचं उरलंसुरलं ऐकणं जाईल. चेहऱ्याची शीरही तिला चिकटून आहे, तोंड वाकडं होऊ शकतं.

जाऊ म्हणाली, "तोंडाचा काय ता बघू."

"तोंड माजा आसा, तुजा नाय," मी म्हटलं.

पण मला भीती तोंडाची नव्हती. या वयात माझं तोंड कोण बघतो? मी डॉक्टरांना सांगितलं, मला विचार करायला वेळ द्या. ते म्हणाले, "आजी, दुसरा कान चांगला आहे. अडचण काय आहे?"

"ही माझ्या डाव्या बाजूला राहते," मी म्हटलं.

डॉक्टरांना काही समजलं नाही. जावेला समजलं. तिने पदर खोचला. मग म्हणाली, "मगे मी उजवीकडे येतंय. पाय आसत माका."

मी ऑपरेशनला होय म्हटलं.

कान गेला. तोंडही बरेच महिने डावीकडे सैल होतं, चहा ओघळायचा. डोळा मिटत नव्हता. त्यात औषधाचे थेंब घालून झोपताना पापणीला पट्टी लावायची, ते जावेने केलं. करताना तिने मला जेवढं बोलून घेतलं तेवढं मला आयुष्यात कुणी बोललं नव्हतं. आता डोळा मिटतो. हसले तर तोंड जरा तिरकं होतं. मी फार हसत नाही.

सकाळी ती खळं ओलांडून, माझ्या पायरीला वळसा घालून उजव्या अंगाला येऊन बसते. गुडघे दुखतात म्हणून रोज कुरकुरते. परवा कोकमाची सोलं वाळत घालण्यावरून आमचं चांगलंच वाजलं. संध्याकाळी बघते तर ती डाव्या बाजूला उभी राहून हातवारे करत काहीतरी बोलतेय.

मी म्हटलं, "उजवीकडे ये, ऐकाक येणा नाय."

मान वळवून मी तिच्याकडे उजवा कान केला, तेव्हा ऐकू आलं. "नको," ती म्हणाली, "माजा बोलान होवंदे, मगे येतंय."