काळ्या दोऱ्याचं पान

मार्थासिस्टर गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात नाचणी पाखडत होते. फोन त्यांच्या भाच्याचा, अंतोनचा. "आत्या गेली, मावशी," एवढंच म्हणाला.

टोकावड्याच्या मिशन दवाखान्यात त्या नर्स होत्या आणि मी झाडलोट करायची. मूळच्या वसईच्या, पण नवरा गेल्यावर मुलाला, विल्सनला, घेऊन इकडेच राहिल्या. विल्सन आणि माझा दिनेश एकत्र वाढले. म्हशाच्या जत्रेत दोघांनी काळ्या दोऱ्यातले ताईत घेतले होते. दिनेशचा मी पाहिला होता. विल्सन माळशेजच्या रस्त्यावर मोटारसायकल घसरून गेला, आणि त्याचा शर्ट काढताना त्याचा ताईत आईला दिसला.

ख्रिस्ती पोराच्या अंगावर दुसऱ्या देवाचा ताईत म्हणजे पाप, म्हणून त्याबद्दल त्या माझ्याशिवाय कोणाशी बोलल्या नाहीत. पुढे एका दुपारी मला जवळ बसवून त्यांनी आपलं जुनं बायबल उघडलं. त्यांची नजर तेव्हाच अधू झाली होती आणि मी चौथी शिकलेली, बोट ठेवून वाचणारी. लढाईत पडलेल्या सैनिकांच्या कपड्यांखाली परक्या देवांचे ताईत निघाले, तरी मागे राहिलेल्यांनी त्यांचं पाप धुतलं जावं म्हणून प्रार्थना केली, असं त्यात होतं. तेवढं वाचून मी थांबले. त्या म्हणाल्या, "परत वाच गो." पुढची कितीतरी वर्षं मी तेवढंच वाचत होते.

सिस्टर कॅथलिक, पण मग अंतोन दुसऱ्या पंथाच्या प्रार्थनेला जायला लागला. आत्याला दिसावं म्हणून त्याने मोठ्या अक्षरांचं नवं बायबल आणलं, तर त्यात तो भागच सापडेना. मला वाटलं, माझंच वाचन कच्चं. अंतोन हसला. "तुमचं बरोबर हाय, मावशी. तो भाग ज्यात हाय ती पुस्तकं कॅथलिकांनी मागाहून घातलेली. मेलेल्यासाठी प्रार्थना करून काय होत नाय." त्याला ताईताचं ठाऊक नव्हतं.

"आनि बाकीची काय आभाळातून एकत्र बांधून पडली रे?" सिस्टर म्हणाल्या. "कितीतरी पुस्तकं फिरत होती. आमच्या बिशपांनी बसून ठरवलं, देवळात कुठली वाचायची. तुझ्या हातात हाय ते त्यातलंच, काय काय काढून टाकलेलं."

अंतोन चहा पिऊन गेला. सिस्टर जिंकल्या म्हणून मी खूश होते. दुसऱ्या दिवशी मेथी निवडायला बसलो, तर त्यांचा हात मध्येच थांबला. "पुस्तकं मानसांनीच निवडली ना गो, सुगंधा… त्यांचं चुकलं असलं, तर माझ्या विल्सनचं काय?"

त्यांनी फादरना विचारलं. पवित्र आत्म्याने बिशपांना चुकू दिलं नसणार, असं फादरनी समजावलं. त्यांच्यासमोर सिस्टरनी मान हलवली, पण त्यानंतर त्या मला जास्तच वेळा वाचायला बसवू लागल्या. ऐकताना पूर्वी डोळे मिटायच्या, आता उघडे ठेवायच्या… मला ते बघवत नसे.

त्यांना वसईला नेऊन पुरलं. नंतर खोली आवरायला अंतोन आला, तेव्हा मी मदतीला गेले. जुनं बायबल त्याने उचललं तर पानांतून काळा दोरा लोंबत होता, ताईतासकट. सिस्टरनी विल्सनचा ताईत फेकला नव्हता, शेवटच्या दिवसांत कधीतरी खूण म्हणून घातला होता. अंतोन बराच वेळ ते पान वाचत राहिला. मग दोरा आत सारला आणि पुस्तक माझ्या हातात दिलं. "न्या, मावशी. आत्याला हे तुमच्याच तोंडून ऐकायला लागायचं."

आता ते आमच्या फडताळात आहे. उघडलं की तेच पान येतं. मी त्यांच्या धर्मातली नाही. माझ्या वाचण्याने कोणाचं काही सुटतं का, हे विचारायला आता सिस्टरही नाहीत. दुपारी घरात कोणी नसलं की दोरा बाजूला करून, बोट ठेवून विल्सनसाठी वाचते. संपल्यावर थोडी थांबते… आणि कोणी सांगितलं नाही तरी परत वाचते, त्यांच्यासाठी.