सोनटक्क्याची ओल

सुबोधने प्रेमलाकाकूंना पहिल्यांदा नीट पाहिलं ते पाठमोरं. शुक्रवार पेठेत त्यांच्या वरची खोली त्याने नुकतीच भाड्याने घेतली होती. मोरीमागच्या बोळात, जिथे ऊन कधी उतरत नाही, तिथे सोनटक्क्याच्या बेटापुढे काकू उकिडव्या बसल्या होत्या. तांब्याने पाणी घालत होत्या.

"पी की गं. हळू. ठसका लागंल."

बोळात दुसरं कुणी नव्हतं.

"घाबरलात व्हय?" शेजारच्या बजाबाई हसल्या. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "तो कंद त्यांच्या लेकीनं, उर्वीनं लावलेला. पोर दवाखान्यात पाणी पाणी करत होती. ऑपरेशन होतं, पाणी द्यायचं न्हवतं. ह्यांनी दिलं न्हाई. तशीच गेली ती. तवापास्नं ह्या बी पाणी पीत न्हाईत. नुसतं ताक, नाहीतर च्या."

चैत्रात काकू बहिणीकडे मंद्रूपला गेल्या. किल्ली सुबोधकडे होती. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी आलं. नळ आला की घरातलं आधीचं पाणी शिळं म्हणून सगळी गल्ली ओतून देते. सुबोधनेही काकूंची भांडी रिकामी केली. कोपऱ्यातली पितळी घागर काळवंडली होती. ती चिंचेने घासून लखलखीत केली आणि ताज्या पाण्याने भरून ठेवली. शाबासकी मिळेल, असं वाटलं होतं.

दुसऱ्याच दिवशी काकू आल्या आणि लखलखीत घागर पाहून उंबऱ्यातच थांबल्या.

"घागरीतलं पाणी कुटं हाय?"

"शिळं होतं काकू. ओतलं."

"उर्वीनं भरलेली होती रे ती, दवाखान्यात जायच्या आदी. मी वरनं भर घालत होते, पण तळ कधी लागू दिला न्हाई. त्यातलंच रोज तिला देत होते. ते संपलं तर ती कशाला येईल हितं?" त्यांचे ओठ कोरडे पडले होते. "मोरीत ओतलंस?"

"नाही. सोनटक्का सुकला होता. सगळं त्यालाच घातलं."

काकू बोळात गेल्या. माती अजून ओली होती. त्यांनी तळवा टेकला, बराच वेळ काढला नाही.

"सगळं प्याली," त्या म्हणाल्या. "पोटभर."

तेवढ्यात सुबोधला वास आला, सोनटक्क्याचा, दाट आणि गार. त्याने पानं बाजूला करून पाहिलं. कळीसुद्धा नव्हती. काकूंकडे पाहिलं, तर त्यांनी डोळे मिटले होते.

घागर आता फळीवर पालथी असते. सोनटक्क्याला धुण्याभांड्याचं पाणी जातं. आणि जेवण झालं की काकू माठातलं भांडंभर पाणी पितात.