आग्रहाला न बधलेला पाहुणा

माझ्या चुलत सासऱ्यांच्या घरातून कोणी उपाशी बाहेर पडल्याची घटना नळदुर्गच्या इतिहासात घडलेली नाही. मी वर्तमानपत्रात काम करतो, त्यामुळे असं सरसकट विधान लिहिण्याआधी खात्री करून घ्यायची सवय आहे. या विधानाची खात्री मी स्वतःच्या पोटावर करून घेतलेली आहे. लग्नानंतर सोलापूरहून पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो, तेव्हा कडक भाकरी, भरलं वांगं, शेंगाचटणी आणि तिसऱ्यांदा हुग्गी झाल्यावर मी ताटावर हात आडवा धरला. गव्हाची ती दाट खीर त्यांनी शांतपणे माझ्या हातावर वाढली आणि म्हणाले, "जावईबापू, हात बी जेवू द्या की."

घरात आणि बाजारात सगळे त्यांना अप्पा म्हणतात. घराला लागूनच त्यांची भुसार मालाची अडत आहे. तूर घेऊन आलेल्या शेतकऱ्याचं पोतं काट्यावर चढण्याआधी त्याच्या पुढ्यात भाकरी येते. विजेचं मीटर वाचायला येणारा माणूस नळदुर्गातली बाकीची सगळी घरं उरकून शेवटी इथं येतो, कारण इथून पुढं त्याला चालवत नाही. एकदा चुकीचा नंबर लागून कुणाचा तरी फोन आला, तेव्हा अप्पांनी सवयीनं "जेवण झालं का?" असं विचारलं आणि समोरून नाही असं उत्तर आल्यावर पत्ता सांगितला. तो माणूस पुढं आला का, असं मी अव्वांना, म्हणजे चुलत सासूबाईंना, विचारलं होतं. "आला की," त्या म्हणाल्या, "मित्राला घिऊन आला." घरात मराठी आणि कन्नड दोन्ही चालतं. पुरे म्हणायला कन्नडमध्ये 'साकु' असा शब्द आहे. अप्पांना दोन्ही भाषा उत्तम येतात, फक्त हा एक शब्द दोन्ही भाषांत कळत नाही.

अशा माणसाच्या घरी साप राहायला आला.

साप त्यांच्या धाकट्या मुलीचा. ती पुण्यात नोकरी करायची. कंपनीनं तिला वर्षभरासाठी जर्मनीला पाठवायचं ठरवलं, तेव्हा ती एक मोठा पारदर्शक डबा मांडीवर घेऊन नळदुर्गला आली. डब्यात बॉल पायथन होता, आफ्रिकेतला लहान जातीचा अजगर. तो बिनविषारी असतो, आणि भ्याला की अंगाचा गोळा करून डोकं आत घालून बसतो. आपल्याकडचा साप घरात पाळायला कायद्यानं बंदी आहे, पण या परदेशी पाहुण्याची वनखात्याकडे रीतसर नोंद होती. गोळा होतो म्हणून तिनं त्याचं नाव लाडू ठेवलं होतं. नाव ऐकून अप्पा निम्मे विरघळले. मग त्यांनी विचारलं, "जेवतं काय हे?"

"उंदीर," मुलगी म्हणाली.

घर लिंगायतांचं. अंड्याचा संशय आला म्हणून वाढदिवसाचा केक दारातून परत गेल्याचा दाखला या घरात आहे. अव्वा हातातलं काम टाकून उठल्या. अप्पांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावून बराच वेळ विचार केला आणि निकाल दिला, "त्यो त्याचा धर्म हाय, आपला न्हवं. पाव्हण्याला त्याच्या रीतीनं वाढायचं." अव्वांनी अटी घातल्या. उंदीर स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडणार नाही. उंदरांसाठी वेगळा फ्रीज, तोही गोदामात. वेगळं पातेलं, वेगळा चिमटा. आणि वाढून झालं की अप्पांनी आंघोळ करायची, डोक्यावरून.

अशा रीतीनं पुण्याहून बर्फात गोठवलेले पांढरे उंदीर नळदुर्गच्या अडतीत येऊ लागले. पोत्यांमागं रात्रंदिवस जिवंत उंदीर पळत असताना मालक उंदीर बाहेरगावाहून मागवतात, ही गोष्ट हमालांच्या पचनी पडेना. "अप्पा, आमाला सांगा की, टोपलीभर धरून देतो," एक जण म्हणाला. अप्पांनी मुलीनं शिकवलेलं सगळं त्याला ऐकवलं. गोदामातल्या उंदराच्या अंगात रोग असतो, कुणी घातलेलं औषध असतं. जिवंत उंदीर डब्यात सोडला तर तोच सापाला चावतो. म्हणून गोठवलेला आणायचा, फ्रीजमध्ये सावकाश सैल होऊ द्यायचा, मग गरम पाण्यात धरून कोमट करायचा. उकळायचा नाही. सापाच्या अंगाचा सगळ्यात जाड भाग जेवढा, तेवढ्याच जाडीचा उंदीर. लांब चिमट्यानं समोर धरायचा, आणि खाल्ल्यावर दोन दिवस सापाला हात लावायचा नाही. हमालानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माज्या सासऱ्यानं बी मला एवढं कौतुकानं वाढलं न्हाय."

उबेचं शास्त्र अप्पांना जड गेलं. डब्याच्या एका बाजूला खालून उबेची पट्टी, तिथं एकतीस-बत्तीस अंश. दुसरी बाजू गार, सव्वीस-सत्तावीस. दोन्हीकडे लपायला एकेक खोपटं आणि मध्ये पाण्याचं भांडं. पट्टी जास्त तापू नये म्हणून तिला एक यंत्र जोडलेलं होतं. अर्ध्या घरात ऊब आणि अर्ध्यात नाही, हा अप्पांना पाहुण्यातला भेदभाव वाटला. मुलीनं समजावलं की सापाला स्वतःची ऊब नसते, तो हवी तेव्हा उबेत जातो, हवी तेव्हा गारव्यात येतो. ऊब नसेल तर खाल्लेलं पचत नाही. अप्पांनी मान हलवली. मुलगी गेल्यावर एकदा दुपारभर वीज नव्हती, तेव्हा त्यांनी लाडूला घोंगडीत गुंडाळून ठेवलं. मुलीनं फोनवरून विचारलं, "अप्पा, घोंगडी कुठं ऊब देते? ती असलेली ऊब धरून ठेवती. त्याच्यात हायच कुठं?" तेव्हापासून वीज गेली की गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून डब्याच्या एकाच बाजूला लागू लागल्या.

नागपंचमीला गल्लीतल्या बायका दूध-लाह्या घेऊन आल्या. अप्पा दारात आडवे आले. "दूध पीत न्हाय हे," ते म्हणाले. "उंदीर आणला असंल तर या आत." बायका वारुळाकडे गेल्या.

पहिला उंदीर लाडूनं अप्पांच्या चिमट्यातून घेतला, तेव्हा त्यांनी मला ऐन कामाच्या वेळी फोन केला. "खाल्लं ओ! आख्खं खाल्लं!" ते ओरडलेच. पण पुढच्या जेवणाला आठ-दहा दिवस थांबायचं, हे त्यांना सोसेना. "एवढ्या दिसाला एकडाव? ह्याला जेवण म्हणत्यात व्हय?" त्यांनी चौथ्याच दिवशी दुसरा उंदीर पुढं केला. लाडूनं तोंड फिरवलं. अप्पांनी चिमटा फिरवला. लाडूचा लाडू झाला.

थंडी सुरू झाली आणि त्यानं खाणं पूर्ण सोडलं.

थंडीत ही जात कधी कधी महिनोन् महिने खात नाही आणि वजन टिकून असेल तर काळजी करायची नसते, हे मुलगी सांगून गेली होती. अप्पांनी डबा अडतीच्या काट्यावर ठेवला. क्विंटलाच्या काट्याला लाडूच्या वजनातला फरक कळेना. मग त्यांनी छोटा काटा विकत आणला. त्यावर वजन जवळपास तेवढंच भरलं, आणि जन्मभर काट्याच्या भरवशावर व्यापार केलेल्या माणसानं पहिल्यांदाच काट्यावर संशय घेतला. मुलगी फोनवर विचारायची, "लाडू जेवला का?" अप्पा म्हणायचे, "झालं की जेवण." स्वयंपाकघरातून अव्वा ओरडायच्या, "खोटं बोलाल्यात! घास न्हाय घेतला त्यानं!" पण तोवर अप्पांनी फोन ठेवलेला असायचा.

एका रविवारी मी नळदुर्गला गेलो. डबा बैठकीच्या खोलीत टीव्हीशेजारी होता. माझा चहा संपेपर्यंत अप्पांनी तो तीनदा उघडला. एकदा बघायला, एकदा पाणी बदलायला आणि एकदा सारखं उघडल्याबद्दल माफी मागायला. मग लाडूला मांडीवर घेऊन त्यांनी गोंजारलं, उंदीर कोमट करून आणला, पुढं धरला, हलवला, बाजूला ठेवला, परत धरला. आल्यागेल्या माणसांनीही आपापल्या परीनं सुचवून पाहिलं. गोळा उलगडला नाही. सगळे गेल्यावर अप्पा माझ्याजवळ बसले. "तिनं जाताना एवढी एकच गोष्ट माझ्यावर टाकली, जावईबापू," ते म्हणाले. "अन् ते माझ्या घरात उपाशी मरायलं. काय तोंड दाखवू तिला?"

मी त्यांच्यासमोरच मुलीला व्हिडिओ फोन लावला. "दाजी, जरा डब्याकडे धरा," ती म्हणाली. तिनं टीव्ही पाहिला, उघडं झाकण पाहिलं, अप्पांच्या हातातला चिमटा पाहिला. वजन विचारलं. मग ती इतकी हसली की फोन तिच्या हातातून पडला.

"अप्पा, तुम्ही त्याला आग्रह करताय!"

"मग? पाव्हणा उपाशी बसलाय."

"वजन हाय तेवढंच हाय, मरत न्हाय ते. भ्यालंय. कुणी बघत बसलं की त्याला खाता येत न्हाय. मागच्या खोलीत ठेवा, वर कापड टाका. आठवडाभर पाणी बदलायचं सोडून झाकण उघडू नका. मग एकडाव उंदीर धरा. न्हाय घेतला तर रात्रभर तिथंच ठेवा, अन् तुम्ही बाहेर या."

"अन् मग?"

"मग दार लावा."

"बघायचं बी न्हाय?"

"बघायचं बी न्हाय." ती म्हणाली. "अप्पा, मला तर होस्टेलात गेल्यावर कळलं भूक कशी असती ते. घरात लागूच दिली न्हाय तुम्ही."

ती हसतच बोलली होती. अप्पा हसले नाहीत. त्यांनी चिमटा धुतला, डबा उचलला आणि मागच्या खोलीत नेला. अव्वांच्या अटीप्रमाणे भर थंडीत डोक्यावरून आंघोळ केली.

त्यानंतरचे दिवस अप्पांच्या आयुष्यातले सर्वांत कडक व्रताचे असावेत. ठरल्या दिवशी ते उंदीर आत ठेवून येत, दार लावत आणि दाराबाहेर तुरीच्या पोत्यावर पाठ फिरवून बसत. गिऱ्हाईक आलं की ओठांवर बोट ठेवत. "हळू बोला, आत पाव्हणा जेवतोय." पहिल्या वेळी उंदीर सकाळी तसाच सापडला. दुसऱ्या वेळीही. तिसऱ्या वेळी डब्यात उंदीर नव्हता. अप्पांनी आधी अव्वांच्या मांजरावर आळ घेतला. मग त्यांना लाडूच्या अंगाचा मधला फुगवटा दिसला. मला फोन आला, पण या वेळी आवाज अगदी खाली होता. "खाल्लं. गप बसलंय. मी न्हाय हात लावला." दुसरा उंदीर पुढं केला का, असं मी विचारलं. "न्हाय," ते म्हणाले. "लई अवघड गेलं."

वर्ष संपल्यावर मुलगी आली, ती चार दिवसांसाठी. कंपनीनं तिला आणखी दोन वर्षं तिकडेच ठेवायचं ठरवलं होतं. तिला भेटायला आम्हीही नळदुर्गला गेलो होतो. दुपारच्या बसमधून ती उतरली. गाल बसले होते आणि कपडे सैल झाले होते. तिनं आधी मागच्या खोलीत जाऊन लाडूला पाहिलं, बाहेर येऊन अप्पांच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि मग हातपाय धुऊन भिंतीला टेकून बसली. अव्वांनी सकाळीच हुग्गी शिजवली होती.

"अव्वा, आत्ता नको," ती म्हणाली. "भूक न्हाय."

मी अप्पांकडे पाहिलं. हुग्गीचा डाव त्यांच्या हातात होता. अव्वाही बघत राहिल्या. अप्पांनी डाव पातेल्यात परत ठेवला. ताट वाढलं, त्यावर दुसरं ताट झाकलं, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला. "हितं हाय," एवढंच म्हणाले आणि आम्हा सगळ्यांना बाहेर काढून त्यांनी दार लोटून घेतलं.

अप्पा आणि मी अडतीच्या पायरीवर बसलो, दाराकडे पाठ करून. समोरून हैदराबादकडे जाणारे ट्रक चालले होते. मी सहज मान वळवली, तशी त्यांनी माझा गुडघा दाबला.

"मागं बघू नका, जावईबापू."

थोड्या वेळानं आतून ताटावरचं ताट सरकल्याचा आवाज आला. मग कडक भाकरी मोडल्याचा आवाज आला, आणि काही वेळानं पुन्हा एकदा. अप्पांचा उजवा हात वाढायला निघाल्यासारखा गुडघ्यावरून उचलला गेला, हवेत थोडा थांबला आणि परत खाली आला. ते रस्त्याकडेच बघत राहिले.