तात्यांची निळी वायर

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि तिला उजेड टोचायला लागला. म्हणून मी बारामतीत एक डिमर घेतला आणि कळंबला आईकडं गेले. बटण फिरवलं की दिवा मंद. मी शाळेत विज्ञान शिकवते; मला कशाला हवाय वायरमन!

तात्यांना, म्हणजे वडिलांना, जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. घराची वायरिंग त्यांनी स्वतःच केलेली, विहिरीवरच्या मोटारीची उरलेली केबल सोलून. आमच्याकडं निम्म्या घरांत तेच. लाल, पिवळी, निळी. वीज परत नेणारी काळी वायर त्या केबलमध्ये नसतेच. मी मेन पाडली, त्यांच्या पलंगाशेजारच्या दिव्याचा बोर्ड उघडला, तर बटण निळ्या वायरीत! मला हसूच आलं. लाल म्हणजे फेज, वीज आणणारी; बटण लाल वायरीत हवं, हे शेंबडं पोरही सांगेल. मी तात्यांची चूक सुधारली. निळी सरळ जोडून टाकली आणि लाल तोडून तिच्यात डिमर बसवला. टेस्टर लावून बघायचं तर मेन पुन्हा चढवायला हवी होती. कोण चढवतंय, म्हटलं. दिवा छान मंद झाला, आई खूश, मी तिच्याहून खूश.

आठवड्यानं, ऊन कलताना आईचा फोन आला. कुजबुजत होती.

"तुझं तात्या आल्यात."

"आई, काहीतरी बोलू नकोस."

"आगं, दिवा बंद केला तरी मिणमिणतोय. विझतोय, थांबतोय, पुन्ना लागतोय. त्येंचा श्वास व्हायचा ना, तसा."

अंगावर काटा आला माझ्या, खोटं कशाला बोलू? तात्यांचा शेवटचा महिना त्याच पलंगावर असाच थांबत थांबत गेला होता. पुढचा श्वास येतोय का, म्हणून आम्ही दोघी बघत बसायचो.

"बल्ब खराब असेल," मी म्हणाले.

"बल्ब न्हाय. मी सांजंला वल्या फडक्यानं त्यो पितळी होल्डर पुसती. तवा बोटास्नी मुंग्या येत्यात. हात धरत्यात त्ये माझा. आज जरा जास्त येळ धरून बसनार हाय."

बंद दिव्याच्या होल्डरमध्ये वीज!

"हात लावू नकोस! तुला तात्यांची शपथ!" मी ओरडले. तिला ऐकू गेलं की नाही, कळायच्या आत फोन कट झाला. पुन्हा लावला, उचलेना. शेजारच्या काकूही उचलेनात. स्कूटर काढली. तासभराची ती वाट मी कशी कापली, मला आठवत नाही.

पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. खोलीत अंधार. आई पलंगावर पाय वर घेऊन बसलेली, मांडीवर ओलं फडकं. दिवा उजळला आणि विझला.

"शपथ घातलीस म्हनून नुसती बसलीया," ती म्हणाली.

मी धावत जाऊन मेन पाडली. तरी दिवा एकदा उजळला, मगच विझला.

या वेळी मात्र अतिशहाणपणा केला नाही. मेन चढवली, टेस्टर आधी पंख्याच्या चालू बटणावर तपासला आणि मग एकेका वायरीला लावला. लाल थंड. टेस्टर पेटला तो निळीवर. तात्यांनी फेज निळीतूनच नेली होती आणि बटणही तिच्यातच ठेवलं होतं, अगदी बरोबर. माझ्यामुळं बंद दिव्यापर्यंतही वीज आठवडाभर पोचत होती. तीच थेंबथेंब एलईडी बल्बमध्ये साठायची आणि तो उजळायचा, मेन पाडल्यावरही एकदा. लाकडी पलंगावर बसून पुसायची, म्हणून माझी आई वाचली. तात्यांना हसले होते मी! स्वतःचीच जीभ हासडावीशी वाटली.

मेन पाडून डिमर निळीत घातला, मेन चढवून पुन्हा सगळीकडं टेस्टर फिरवला. होल्डरलाही. मग बटण बंद केलं. ठार अंधार.

आईनं ओल्या बोटांनी होल्डर धरला. मी अडवलं नाही. बराच वेळ ती तशीच बसून राहिली.

"न्हाय धरला," ती म्हणाली.

मी तिचा हात माझ्या हातात घेतला. तिनं तो हळूच सोडवून घेतला आणि पुन्हा होल्डरवर ठेवला.