आठ दिवसांनी या

महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात एखाद्या डॉक्टरच्या मुलीचं लग्न ठरलं, की मंगल कार्यालयाच्याही आधी मला फोन येतो. बदली डॉक्टर म्हणून एवढा माझा जम बसलाय. डॉक्टर गावाला गेले की त्यांच्या खुर्चीत बसायचं, त्यांचं नाव छापलेल्या कागदावर औषधं लिहायची, आणि ते परतले की पिशवी उचलून पुढचा दवाखाना गाठायचा. डायरी भरलेली असते. पाटी मात्र कुठेच नाही.

पेशंट दार ढकलतात आणि मला बघून थबकतात. "डॉक्टर नाहीत?" मी सांगतो, मीच डॉक्टर. "हो, पण डॉक्टर कधी येणार?" मी तारीख सांगतो. मला बघून मनापासून खूश होतात ते फक्त आजारपणाच्या रजेचा दाखला मागायला आलेले एमआयडीसीतले शिफ्टवाले. यंदा ताप कितव्यांदा आलाय, हे नव्या डॉक्टरला ठाऊक नसतं ना.

एकदा तरी कुणी मला 'आमचे डॉक्टर' म्हणावं, एवढीच माझी हाव.

गेल्या थंडीत पोलादपूरला बसलो होतो. डोंगरावरच्या वाडीतून शेळ्या राखणारे एक म्हातारे बाबा आले. कोयता निसटून पोटरीला लागला होता. माझं नेहमीचं सुरू झालं. परक्या दवाखान्यात कात्री कुठे असते ते मला कधीच कळत नाही, म्हणून एकेक खण उघडत सुटलो. एकात डॉक्टरांची जपमाळ निघाली, दुसऱ्यात फरसाण. अशा वेळी लाज लपवायला मी बडबडतो. बाबांच्या शेळ्यांची सगळी चौकशी करून झाली. शेवटी सहा टाके घातले आणि सवयीनं म्हणून गेलो, "आठ दिवसांनी टाके काढायला या."

आठ दिवसांनी मी महाडला, दुसऱ्याच एका खुर्चीत. पोलादपूरच्या कंपाउंडरचा फोन आला. बाबा आले होते. तिथले डॉक्टर टाके काढायला बसले, तर बाबांनी पाय आखडून घेतला. "ज्यानं घातलं, त्यानंच काढायला पायजेत," एवढं बोलले आणि डोंगर चढून परत गेले. कंपाउंडर हसत होता. मीही हसलो, मग धसकलो. टाके राहिले तर मांसात रुततात, पिकतात. मी आता महाडला आहे, टाके कुणाकडूनही काढून घ्या, असा निरोप वाडीवर धाडला. उत्तर आलं नाही. त्या तीन दिवसांत दार वाजलं की मी मान वर करायचो. काळजी होतीच; पण खोटं कशाला सांगू, त्या काळजीखाली थोडं बरंही वाटत होतं.

चौथ्या दिवशी दुपारी बाबा दारात उभे. एसटीनं आले होते. माझं नाव त्यांना माहीत नव्हतं. डेपोपासून दवाखाने आणि औषधांची दुकानं विचारत आले होते. काय विचारलंत, म्हटलं.

"बडबड्या डाक्तर. कात्री हुडकीत बसतो, तो."

तिसऱ्या दुकानदारानं त्यांना थेट माझ्याकडे पाठवलं होतं.

टाके पिकले नव्हते, जरा रुतले होते. मी उठून डावीकडचा खण उघडला, त्यात पट्ट्या. उजवीकडच्याला कुलूप. बाबा इथल्या कंपाउंडरकडे वळून म्हणाले, "हाच तो."

पाच टाके झटपट निघाले. सहाव्याला मी जरा वेळ लावला.

"आता परत कधी येऊ?" त्यांनी विचारलं.

वाक्य जिभेवर तयारच होतं. पण दोन दिवसांनी मी नाते गावच्या दवाखान्यात बसणार होतो, तिथून पुढे आणखी कुठे.

"आता यायची गरज नाही, बाबा. पाय बरा झालाय."

"बरा झाला?" मी काहीतरी हिसकावून घेतल्यासारखं त्यांनी पायाकडे बघितलं. मग काठी घेतली आणि बाहेर पडले.

बाकावरच्या बाईनं त्यांना विचारलेलं मला आत ऐकू आलं: डॉक्टर आलेत का?

"हाय की आत," बाबा म्हणाले. "पन लवकर जा गो. टिकत नाय."