बिस्विक शिंप्याच्या हातून घडलेला गुन्हा

सरोवराकाठच्या बाजारात, दुकानाच्या पडवीत मशीन मांडून बिस्विक नामालोम्बा बावीस वर्षं कपडे शिवत होता. हाताचा साफ, तोंडाचा मिटलेला. त्या देशात मिटलेल्या तोंडाचीच माणसं म्हातारी व्हायची.

त्या वर्षी आजन्म राष्ट्राध्यक्ष गावात येणार होते. त्यांना सगळ्यांनी 'बाबा' म्हणायचं, असा नियम होता. प्रत्येक बाईनं बाबांचा चेहरा छापलेलं कापड अंगावर घालून नाचायचं, असं फर्मान निघालं. चेहरे ताटाएवढे. गळा कापावा तर बाबांचा कान जायचा, बाही कापावी तर हनुवटी. बिस्विक घामाघूम होऊन एकेक चेहरा वाचवत होता.

पक्षाच्या महिला शाखेची अध्यक्षा माई नांगोझो आली. बाई चांगली धिप्पाड.

"मास्तर, पुढं एक बाबा, मागं एक बाबा. अगदी अंगासरशी."

"माई, मागं कमरेखाली येतील. बसताना पंचाईत होईल."

"म्हणजे बाबा माझ्या पाठीशी नकोत म्हणतोस?"

बिस्विकनं जीभ चावली आणि शिवलं.

समारंभात माई तासभर खुर्चीत बसली. उठली तेव्हा मागचे बाबा घामानं भिजून चुरगळले होते. नाचणाऱ्या बायकांत कुणीतरी फिस्सकन हसलं. बाबांनी मान वळवली. माई धाडकन गुडघ्यांवर आली. "शिंप्यानं केलं, बाबा! मुद्दाम!"

पोलीस बाजाराकडे धावले. नाचणाऱ्यांत बिस्विकची बायको एस्तेरे होती. तिनं ते पाहिलं, पण पाय थांबवले नाहीत. थांबणारीचं नाव लिहून घेत.

चौकीत फौजदारानं विचारलं, "कुणी सांगितलं होतं?"

"गिऱ्हाइकानं, साहेब."

"गिऱ्हाईक पक्षाची अध्यक्षा. ती चुकत नाही. मग राहिलं कोण?"

"मीच."

"शहाणा आहेस. बाबांवर उचललेला हात कुठला?"

बिस्विकनं उजवा पुढं केला. फौजदारानं तो दाराच्या फटीत ठेवला आणि दार लावून घेतलं.

माईला बढती मिळाली. बिस्विक सहा वर्षांनी, बाबांच्या वाढदिवसाच्या माफीत सुटला. एस्तेरेनं मक्याच्या पिठाच्या न्सिमाचा गरम घास त्याला भरवला.

"घर राहावं म्हणून मी पक्षाच्या सभेत तुला कुत्रा म्हणाले. सगळ्यांसमोर."

"मोठ्यानं म्हणालीस ना?"

"घसा बसला."

"मग बरं केलंस," तो म्हणाला आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.